तिसऱ्या दुकानातली कॉफी

“दिलंय की गं आत्ताच तुझ्या आईनं,” आण्णा म्हणाले.

“सदरा वर करा.”

“अगं, खरंच दिलंय. तू आंघोळीला गेलीस तवाच.”

“दिवाळीत पण असंच दिलेलं होतं ना?”

 आण्णांनी सदरा वर केला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. मी बर्फाच्या थर्मासातून इन्शुलिनची बाटली काढली, सुई स्पिरिटनं पुसली, चोवीस युनिट मोजून भरलं आणि टोचलं. माझा हात हलका आहे, असं सगळे म्हणायचे. आण्णा मात्र त्या दिवशी दचकले.

दिवाळीचं सांगायलाच हवं, नाहीतर मी उगाच कजाग वाटेन. आमचं गाव इचलकरंजी. दिवाळीत भाऊ-वहिनी आले होते, घर भरलेलं, आणि आण्णांनी तीन दिवस “घेतलं, घेतलं” म्हणत इन्शुलिन घेतलंच नव्हतं. वर लाडू खाल्ले. चौथ्या दिवशी त्यांना सांगलीला दवाखान्यात न्यावं लागलं आणि डाव्या पायाची करंगळी काढावी लागली. डॉक्टर मला म्हणाले, “घरात कुणीतरी कडक व्हा.” मी मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते, छत्तीस वर्षांची होते, लग्न केलेलं नव्हतं, आई-वडिलांजवळच राहात होते. कडक व्हायला माझ्याइतकं लायक कोण असणार? त्या दिवसापासून आण्णांचं ताट, सुई, चपला, झोप सगळं माझ्या ताब्यात आलं. दुधानं तोंड पोळलेलं होतं; मी ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पाजत होते.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली. धाकटा भाऊ सुकुमार बेंगळुरात नोकरीला होता. त्याच्या मुलीचं बारसं होतं, म्हणून आम्ही तिघं आलो होतो. त्याचं घर वहिनीच्या माहेरच्यांनी भरलेलं. आण्णांना तेवढंच निमित्त पुरलं. ते तीस वर्षं इचलकरंजीच्या एका पेढीचं कापड घेऊन बेंगळुरात फिरतीवर येत होते. बळेपेटेतल्या आपल्या जुन्या लॉजवरच उतरायचं, असा त्यांनी हट्ट धरला. लॉज बरं होतं, पण बाथरूम बोळाच्या टोकाला आणि गरम पाणी पहाटे सहा ते सात. मी पावणेसातला बादली घेऊन गेले.

आंघोळीहून परत येताना बोळात आई भेटली. हातात तांदळाची आणि फुलांची पिशवी. आम्ही जैन. आई सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, जाऊन देवाचं दर्शन घेतल्याशिवाय तोंडात पाणी घालायची नाही, आणि दर्शन होईपर्यंत मौन पाळायची. घरी असो, परगावी असो, त्यात कधी खंड पडला नाही. ती चिकपेटेतल्या बस्तीकडे निघाली होती. मला बघून तिनं थांबून दोन बोटांत सुई धरल्यासारखं करून अंगठा दाबला, खोलीकडे हात केला आणि मान हलवली. मी म्हटलं, “हो, हो, बघते मी.” ती जिना उतरून गेली.

तिनं ‘त्यांना सुई दे’ असं सांगितलं, असं मी समजले. आणि मी दिली.

“आता अर्ध्या तासात खायचं,” मी आण्णांना म्हणाले.

“मी खाली जाऊन इडली सांगून येतो,” आण्णा म्हणाले. त्यांनी टोपी घातली, छत्री घेतली. फेब्रुवारीत छत्री कशाला, हे मी विचारलं नाही. मी आरशासमोर केस पुसत होते. बारशाला नेसायची साडी इस्त्री करून हवी होती, बाळाचे वाळे कुठल्या पिशवीत ठेवलेत ते आठवत नव्हतं. असल्या वेळी माणसाला घड्याळ दिसत नाही.

पावणेआठला आई परत आली. कपाळाला गंध, तोंडावर समाधान. आल्या आल्या म्हणाली, “आण्णांनी खाल्लं का गं? सुईला तासभर झाला की.”

“तास कुठला? सात वाजून गेल्यावर तर दिली मी.”

आई दारातच थांबली. “तू दिलीस? आगं बाई, मी जायच्या आधी दिली ती! तुला खूण करून सांगितलं नव्हतं का, दिलंय, म्हणून?”

पायाखालची वाळू सरकते म्हणजे काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं. चोवीस आणि चोवीस, अठ्ठेचाळीस. मुलींना पहिलीत शिकवतात ती बेरीज. रिकाम्या पोटी अठ्ठेचाळीस युनिट. दिवाळीनंतर डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं होतं, की साखर वाढली तर माणूस महिन्यांनी जातो, पण उतरली तर तासाभरात जाऊ शकतो. आधी घाम येतो, हात कापतात, मग माणूस बरळतो, ओळख विसरतो, मग पडतो. 

मी जिना दोन-दोन पायऱ्या उतरले. गल्ल्यावरचा मॅनेजर पेपर वाचत होता. त्याला हिंदी येत होतं. आण्णा कुठं आहेत, ते मी विचारलं.

“भूपालण्णा? ते तर कधीच गेले. पाऊण तास झाला असेल.”

“इडली सांगितली का?”

“इडली? नाही. कॉफी पिऊन येतो म्हणाले.”

“कुठं?”

तो हसला. “ते मला काय माहीत? भूपालण्णांच्या कॉफीची दुकानं वेगळी असतात.”

मी सुकुमारला फोन लावायला सांगितला. लाइन लागेना. बारशाच्या घरी कोण फोनवर बसलेलं असणार! आईला लॉजवर बसवलं, ते परत आलेच तर आधी साखरेचं पाणी पाज म्हणून सांगितलं. आई रडायला लागली. “माझ्या मौनानं घात केला,” म्हणाली. तिला जवळ घ्यायलाही मला वेळ नव्हता. मॅनेजरकडून मूठभर साखर कागदात बांधून घेतली आणि मी रस्त्यावर आले.

बाहेर शहर कामाला लागलेलं. हमाल, हातगाड्या, सायकलवरून दुधाचे कॅन, शाळेची पोरं. प्रत्येक तिसऱ्या माणसाच्या डोक्यावर पांढरी टोपी. मी इतकी घाबरले होते की उजवीकडे जायचं की डावीकडे हेही ठरवता येईना. आणि मग मला गाडीतलं बोलणं आठवलं.

मिरजेहून येताना समोरच्या बाकावर एक नवं जोडपं होतं. त्यांनी बेंगळूर कधी पाहिलं नव्हतं. आण्णा खुलले. म्हणाले, “राजवाडा-बिजवाडा मग बघा, आधी कॉफी कुठं प्यायची ते ऐका.” आणि त्यांनी त्या दोघांना आपली आवडती दुकानं सांगायला घेतली. मी चाचणीचे पेपर तपासत होते, अर्धवट ऐकत होते. पहिलं दुकान मंजय्याचं, बळेपेटेतच. खरं तर ते कॉफी भाजून दळून विकायचं दुकान. पण ओळखीच्या माणसाला मंजय्या आत पोत्यावर बसवतो आणि ताजी दळलेली पाजतो. दिवसाची सुरुवात तिथं. दुसरं अव्हेन्यू रोडच्या बाजूला, लाकडी जिना चढून वर. संगमरवरी टेबलं, खिडकीतून सगळा बाजार दिसतो. गप्पा मारायला ते. तिसरं फुलबाजाराच्या मागं, नाव नाही, पाटी नाही, एका बाईची चुलीवरची कॉफी.

“तिथं कशाला जायचं?” त्या मुलीनं विचारलं होतं.

“तिथं तुम्ही नका जाऊ,” आण्णा हसून म्हणाले होते. “दलालानं माल परत केला, चार माणसांत झापलं, की मी तिथं जाऊन बसायचा. अंधार असतो. कोण बघत नाही. आणि ती बाई काय विचारत नाही.”

तेवढ्यात मी पेपरातून मान वर करून म्हटलं होतं, “आण्णा, तुम्हाला कॉफी दिवसातून एकच. आणि बिनसाखरेची.” जोडपं खिडकीबाहेर बघायला लागलं. आण्णा गप्प झाले ते धारवाड येईपर्यंत.

मंजय्याचं दुकान शोधायला नाक पुरलं. भाजक्या कॉफीचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. मंजय्या सत्तरीचा, कपाळाला विभूतीचे पट्टे, अंगावर कॉफीच्या पुडीची धूळ. मी मोडक्या कानडीत “भूपाल मगदूम, इचलकरंजी” एवढंच म्हणाले आणि त्याचा चेहरा उजळला.

“तुम्ही त्रिशला! टीचर! बसा, बसा.” त्याचं कानडी आणि माझं कानडी यांत बरंच अंतर होतं, पण एवढं कळत होतं. “भूपालण्णा दर फेरीला सांगायचे, माझी मुलगी कॉलेजात पहिली आली, माझी मुलगी टीचर झाली. आत्ता इथंच बसले होते.”

“कधी?”

“साडेसातला. इथं, या पोत्यावर.”

“कॉफी प्यायली? साखर घातली होती?”

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे. मंजय्यानं दोन्ही हात कानांना लावले. “नाही, नाही! आईशप्पथ नाही. इतकी वर्षं दोन चमचे घ्यायचे. मीही घालायला गेलो. पण कप हातानं झाकला त्यांनी. म्हणाले, मंजय्या, या वेळी नको. माझी मुलगी गावात आहे.”

मी पोत्यावर बसले.  गेले तीन महिने माझी एकच इच्छा होती, की या माणसानं माझ्या माघारी साखर खाऊ नये. ती इच्छा नेमकी त्या सकाळी पुरी झाली होती. अहो आण्णा, मी मनात ओरडले, एकदा तरी फसवायचं होतं मला!

“बरे होते का ते?”

मंजय्यानं विचार केला. “हात जरा कापत होता. मी म्हटलं, वय झालं भूपालण्णा. तर म्हणाले, वय नाही रे, भीती. आणि हसले. मग अव्हेन्यू रोडकडे गेले.”

मी धावत सुटले. साडी नेसून आणि वहाणा घालून बेंगळुरातल्या त्या गर्दीत धावणं काय असतं, ते धावल्याशिवाय कळायचं नाही. लोक बाजूला होत होते, काही शिव्या देत होते. सव्वाआठ झाले होते. दुसऱ्या सुईला तास उलटून गेला होता. एका वळणावर घोळका दिसला. माणसं खाली वाकून काहीतरी बघत होती. मधून एक पांढरं धोतर दिसलं आणि एक उताणा तळवा.

“आण्णा!” मी किंचाळले.

घोळका फुटला. मी गुडघ्यावर बसून त्या माणसाचा चेहरा माझ्याकडे फिरवला. दाढी वाढलेला एक अनोळखी म्हातारा होता. तोंडाला दारूचा भपकारा. तो डोळे उघडून मला काहीतरी बोलला आणि लोक हसले. मला लाज वाटली नाही, राग आला नाही, त्या माणसाची कीवही आली नाही. हे आण्णा नाहीत, एवढाच विचार होता. आणि लगेच दुसरा, मग आण्णा कुठं पडलेत?

लाकडी जिन्याचं दुकान सापडलं. वर खिडकीजवळची टेबलं रिकामी होती. वेटर वयस्कर होता, कमरेला लाल पट्टा. भूपालण्णांचं नाव काढताच तोही हसला. त्या शहरात आण्णांचं नाव काढलं की लोक हसत होते. आमच्या घरात त्या नावानं कोण हसलं होतं, ते मला आठवेना.

“ते आले की हे टेबल, ते टेबल, सगळे सरकून इकडं येतात,” तो हिंदीत म्हणाला. “एकेका दलालाची नक्कल करून दाखवतात. पोट दुखेपर्यंत हसवतात.”

“आज आले का?”

“वर नाही आले. खाली पायरीवर बसले होते. मी हाक मारली. घामानं सदरा भिजला होता. म्हटलं, पाणी आणू का? तर उठून गेले. माझ्याकडे बघितलं पण ओळखलं नाही त्यांनी मला. मला वाईट वाटलं.”

“कुठल्या बाजूला गेले?”

त्यानं खिडकीतून हात बाहेर काढून दाखवलं. खाली बाजार, पलीकडे फुलांच्या गाड्या, रस्ताभर झेंडूचे ढीग.

मी तिसऱ्या दुकानाचा विचार आधीच का केला नाही? आधी करायला हवा होता. ज्या माणसाला सकाळी सकाळी लेकीनं खोटं पाडून सुई टोचली, तो गप्पांच्या दुकानात कशाला जाईल? दलालानं झापलं की जिथं जायचं, तिथंच जाईल. फक्त या वेळी झापणारा दलाल नव्हता.

फुलबाजाराच्या मागच्या बोळांत मी चारदा चुकले. पायाखाली चिखल, सडकी पानं, पाण्याचे लोट. शेवंती विकणाऱ्या एका बाईला हातानं कप तोंडाला लावल्याची खूण करून विचारलं, “काफी? ओले, काफी?” चुलीला कानडीत ओले म्हणतात, एवढं मला येत होतं. तिनं एका बुटक्या दाराकडे बोट दाखवलं. दारातून धूर येत होता.

आत शिरताना डोकं आपटलं. अंधारात आधी काही दिसेना. मग चूल दिसली, तिच्यावर पितळी भांडं, चुलीपुढे एक जाडी बाई. चार-पाच बाकडी. अगदी कोपऱ्यात, भिंतीला टेकून, आण्णा. टोपी मांडीवर, छत्री दोन्ही हातांनी धरलेली. समोर कॉफीचा पेला भरलेला.

जिवंत होते. 

बाई मला कानडीत म्हणाली, “तुमचे का? बरं झालं आलात. पंधरा मिनिटं झाली. मी नेहमीसारखी दोन चमचे साखर घालून दिली. एक घोट घेतला आणि खाली ठेवली. पीत नाहीत, बोलत नाहीत, नुसते थरथरतात. मी पाजायला गेले तर तोंड घट्ट मिटून घेतलं. रडतायत.”

मी त्यांच्या समोर जाऊन बसले. चेहरा पांढराफटक, घामाच्या धारा, ओठ हलत होते. मी पेला उचलून त्यांच्यापुढे केला. “आण्णा, प्या. आधी प्या हे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी अजून विसरले नाही. त्यात ओळख नव्हती. त्यांनी अंग चोरून मला बाकावर आणखी जागा करून दिली. गाडीत परक्या बाईमाणसाला देतात तशी.

“बसा ताई,” ते म्हणाले. जीभ जड झाली होती. “मराठी दिसताय.”

“हो. कॉफी प्या तुम्ही.”

“नको. गोड हाय ती.”

“गोडच हवीय. थोडी घ्या.”

त्यांनी पेला दूर सारला, पार माझ्या बाजूला, जणू तो माझाच होता. मग दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “माझी मुलगी आलीया गावात. तिला कळंल.”

मी साखरेची पुडी सोडली, चिमूट त्यांच्या ओठांशी नेली. त्यांनी दात घट्ट आवळले. हट्टी मुलासारखी मान फिरवली. मी जबरदस्ती केली असती तर ठसका लागला असता, आणि तसाच जीव गेला असता.  अजून पाच मिनिटं, अजून दहा, मग ते झोपतील आणि उठणार नाहीत, हे मला कळत होतं. साखर त्यांच्या ओठांपासून बोटभर अंतरावर होती आणि मध्ये मी उभी होते.

“कळलं तर काय करेल ती?” मी विचारलं. का विचारलं, माहीत नाही.

“करत न्हाई काय.” त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “लई करती हो माझं. लगीन केलं न्हाई, आमच्यासाठी ऱ्हायली. गुणाची हाय. पर रागावली की बोलत न्हाई. दोन-दोन दिस बोलत न्हाई. घरात असून बोलत न्हाई.” त्यांनी छत्री छातीशी धरली. “मला लई भ्या वाटतंय तिचं.”

आण्णा असं बोलायचे नाहीत. फिरतीवर राहून त्यांची भाषा साफ झालेली होती. हे त्यांचं लहानपणचं बोलणं होतं, हुपरीच्या शेतावरचं. इतक्या आत ते जाऊन बसले होते, आणि तिथंही ते माझ्यापासून लपत होते.

चुलीजवळची बाई थांबून बघत होती. तिला मराठी येत नव्हतं, पण सगळं कळल्यासारखी ती पुढे आली आणि तिनं पेला पुन्हा त्यांच्यासमोर ठेवला.

मी आवाज बदलला. शाळेत बोलायचा, घरी बोलायचा, तो माझा आवाज मी आत ढकलला आणि एखाद्या परक्या बाईसारखी म्हणाले, “काका, तुमची मुलगी इथं नाहीये. मी बघून आलेय. ती लॉजवर आहे.”

“खरं?”

“खरं. केस विंचरत बसलीय.”

ते विचारात पडले. “तुम्ही सांगशीला तिला.”

“नाही सांगणार.”

“शप्पत घ्या.”

“तुमच्या गळ्याची शपथ. मी तिला कधीच सांगणार नाही.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मी खोटं बोलतेय का, हे ते पाहात होते. दिवाळीपासून मी त्यांच्याकडे अगदी असंच बघत आले होते. मग त्यांनी तोंड उघडलं.

मी पेला धरला. पहिला घोट हनुवटीवरून सांडला. दुसरा गेला. तिसरा गेला. बाईनं न सांगता आणखी चार चमचे साखर घालून ढवळलं. तो पेला संपल्यावर तिनं दुसरा आणला, कोमट दुधात नुसती साखर. मी घोट घोट पाजत होते आणि त्यांच्या मनगटावर बोट ठेवून होते. नाडी इतकी जोरात उडत होती की ती त्यांची आहे की माझी, हे मला कळत नव्हतं. बाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिनं खरंच काही विचारलं नाही.

दहा मिनिटं गेली. असतील पंधरा. घाम थांबला. ओठांना रंग आला. छत्रीवरची बोटं सैल झाली. आण्णांनी भिंतीवरून, चुलीवरून नजर फिरवली, एखादा माणूस झोपेतून उठून खोली ओळखतो तशी. चुलीवाल्या बाईला त्यांनी ओळखलं, किंचित हसले. मग त्यांची नजर माझ्यावर आली.

या वेळी त्यांनी ओळखलं. मी त्रिशला आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटलेलं मला दिसलं, आणि ते हसू होतं तिथंच विझलं. त्यांनी घाईघाईनं रिकामा पेला बघितला, माझा हात बघितला, आणि टोपी शोधून डोक्यावर ठेवली.

“बिनसाखरेची होती गं,” आण्णा म्हणाले.

“हो आण्णा,” मी म्हणाले. “माहितीये मला.”